बोटीची पाठ सडली कशानं? फायबर बोटीचा ट्रान्सम नव्यानं बांधला

राम राम मंडळी. मागं मळणी मशीन सुरू आहे, गावात धान निघून राहिलं, तर घरघर ऐकू आली की सांभाळून घ्या. मशीनवाल्याला ‘थांब जरा, शूटिंग आहे’ म्हणायची माझी टाप नाही.

उन्हाळ्यात कुलरची फुटकी फायबर टाकी जोडायचा व्हिडिओ टाकला होता. तेव्हापासून कमेंटमध्ये एकच धोशा: भाऊ, टाकी जमते तर बोटीचं सांगा. पवनीकडून, नवेगावबांधकडून, तिकडं इटियाडोहकडून. मला वाटलं होतं बोटवाले चारच जण निघतील. पण गोसीखुर्द धरणाचं भूमिपूजन झालं १९८८ मध्ये, राजीव गांधींच्या हातून, पाणी अडलं कितीतरी वर्षांनी. आणि ते अडल्यावर वैनगंगेत लाकडी डोंग्यांच्या जोडीला फायबरच्या मोटरबोटी आल्या. आता त्या बोटींचं वय झालं. पाठी सडून राहिल्या.

पाठ म्हणजे ट्रान्सम. बोटीची मागची उभी भिंत, जिच्यावर मशीन, म्हणजे बोटीचं इंजिन, टांगतात. बाहेरून फायबर, आतून फायबर, मधात प्लायवूड. पंचवीस हॉर्सपॉवरचं मशीन पन्नास किलोच्या वर भरते, पण खरा भार तो नाही. खाली पाण्यात पंखा पुढं ढकलतो आणि वर मशीन पाठीला धरून असते, म्हणजे पहारीनं दगड उचकटावा तसा जोर सगळा त्या भिंतीवर. त्यात बॅकवॉटरमध्ये बुडालेली झाडांची खुंटं. एकदा मशीनचा पाय खुंटाला लागला की धक्का कुठं जातो? पाठीत.

ही जी बोट मागं दिसून राहिली, ती आमच्या गावच्या मासेमारी सोसायटीची. चौदा फुटी. चालवणारे काका एक दिवस आले, म्हणाले, “मशीन मान हलवते बाप्पा, म्हातारीसारखी.” मी गेलो, मशीनचा खालचा पाय धरून वरखाली ढकलला, तर मशीनसोबत सगळी पाठ हलली. पाठ आणि बूड जुळते त्या कोपऱ्यात केसासारखी चीर. मग पेचकसाची मूठ घेऊन ठोकत गेलो. वर टण टण, खाली भद भद. तरी खात्री पाहिजे म्हणून आतल्या बाजूनं पाच मिलिमीटरचं ड्रिल मारलं, आरपार नाही, फक्त लाकडापर्यंत. चांगल्या प्लायचा भुसा कोरडा आणि फिका निघतो. इथं ड्रिलच्या टोकाला काळा चिखल गुंडाळून आला.

उघडायचं कसं, हे पटकन सांगतो, कारण यात डोकं नाही, अंगमेहनत आहे. आधी मशीन उतरवा. बोट सरळ पातळीत ठेवा. मी रेतीच्या गोण्या लावल्या आणि खाली तणस टाकली. हे न करता पाठ कापली तर बोटीचे गाल, म्हणजे बाजूच्या भिंती, आत-बाहेर होतात आणि नवी पाठ वाकडी बसते. मग आतली कातडी, म्हणजे आतला फायबरचा थर, ग्राइंडरनं कापायची, कडेला दोन-तीन बोटं पट्टी सोडून. बाहेरची कातडी ठेवायची, तीच आपला साचा. काहीजण बाहेरून कापतात, तेही चालते, पण मग बोटीचं रूप पुन्हा उभं करत बसा.

आणि घासताना अंग झाका. पूर्ण झाका. फायबरची धूळ म्हणजे खाजकुयली समजा. मास्क पाहिजेच. काम झाल्यावर थंड पाण्यानं आंघोळ करा, गरम पाण्यानं अंगाची भोकं उघडतात आणि काच आत बसते, असं मला एका जुन्या कारागिरानं सांगितलं होतं. खरंखोटं त्याला माहीत, पण एकदा गरम पाणी घेतलं आणि रात्रभर अंगणात बसून काढली.

(टेबलावरचा डबा जवळ घेत) हे पाहा. हे त्या पाठीतून निघालं. मी हात घातला आणि ओंजळभर बाहेर आलं. गाईला रात्री सरकीची ढेप भिजत घालता ना? सकाळी कशी होते? अगदी तशी. दाबली की पाणी गळते. वासही तसाच, आंबट. हे कधीकाळी प्लायवूड होतं, सांगून कोणाला पटणार नाही.

आता मुद्दा. वरची कड चांगली होती, मशीनचे बोल्ट जिथं आहेत तिथंही लाकूड निम्मंच गेलं होतं. सगळ्यात जास्त सडलं कुठं? डाव्या कोपऱ्यात, खाली, एका लहानशा भोकाभोवती. पेन जाईल एवढं भोक. त्यातून पंपाची वायर बाहेर गेली होती.

ते भोक कोणी पाडलं? मीच. दोन वर्षांपूर्वी. जुन्या व्हिडिओत आहे, जाऊन पाहा, हसत हसत ड्रिल मारून राहिलो आणि वरून सिलिकॉनचा ठिपका लावून म्हणून राहिलो, “झालं, पाण्याचा थेंब जाणार नाही.” मालवणकडच्या एका दादांनी तेव्हाच कमेंट केली होती की भोक आतून बंद कर, लाकूड उघडं ठेवू नको. मी त्यांना उत्तर दिलं होतं, ‘दादा, तुमचा समुद्र, आमचं गोडं पाणी, काही होत नाही.’ दादा, तुमची माफी मागतो. आणि एक शिकलो ते सांगतो: लाकूड सडवणाऱ्या बुरशीला गोडं पाणी जास्त मानवते. खाऱ्या पाण्यात ती उलट जरा दबून राहते.

म्हणून भोकाचं थोडं जास्त बोलणार आहे. कंटाळा आला तरी ऐका.

प्लाय म्हणजे लाकडाचे पातळ थर, एकावर एक. वरून पाणी मारा, सहज शिरत नाही. पण भोक पाडलं की सगळ्या थरांची तोंडं उघडी पडतात. लाकडाच्या नळ्या असतात, झाड जिवंत असताना त्यातूनच पाणी चढते. त्या पाणी ओढत नेतात. आणि दोन्हीकडून फायबर असल्यामुळं आत गेलेलं बाहेर येत नाही. उघडी फळी भिजते, वाळते, पुन्हा भिजते, तरी टिकते. ही बिचारी झाकणबंद डब्यात.

पटत नसेल तर हे पाहा. एकाच शीटमधून कापलेले दोन तुकडे. दोघांच्याही दर्शनी बाजूला, मागच्या बाजूला आणि कडेला रेझिन, म्हणजे फायबरकामातला घट्ट होणारा चिकट द्रव, मारलं. दोघांना भोक पाडलं. एकाचं भोक उघडं ठेवलं, दुसऱ्याच्या भोकात रेझिनची भिंत केली. दोघं तीन दिवस निळीच्या पाण्यात. आज सकाळी करवतीनं मधून कापले. हा दुसरा, पांढरा, कोरडा. आणि हा पहिला. भोकापासून दोन्हीकडं निळी रेघ बघा, बोटभर गेली. तीन दिवसांत. पाऊस, पाणी, ऊन, दोन वर्षं धरा, मग हिशेब तुम्हीच करा.

आता कमेंट येणारच आहे, म्हणून आधीच: “भाऊ, भोकात सिलिकॉन दाबून भरलं तर?” नाही. मशीन सुरू झालं की बोल्ट थरथरतो, सिलिकॉन एका बाजूनं सुटते, तुम्हाला दिसतही नाही. आणि सुटलेल्या जागेवर नंतर काहीच चिकटत नाही, रेझिन नाही, रंग नाही. ती जागा घासून घासून साफ करावी लागते. बोल्टाच्या टोपीखाली सीलंट लावाच, पॉलियुरेथेनचं लावा, पण ते दुसरं कुलूप आहे. पहिलं कुलूप भोकाच्या आत पाहिजे.

दुसरी कमेंट: “प्लाय काहून? आपल्याकडं आलापल्लीचा साग असताना?” भाऊ, सागाचा अभिमान मलाही आहे. पण अखंड फळी पाण्याहवेनं आडवी फुगते, आकसते आणि फायबरचा जोड सोडते. शिवाय साग तेलकट, रेझिन त्याला धड धरत नाही. दाराच्या चौकटीला साग, पाठीला प्लाय. आणि प्लाय घेताना शिक्का पाहा, आयएस ७१०, म्हणजे मरीन. ३०३ वाला स्वयंपाकघराच्या कपाटाला. दुकानदार “एकच आहे जी” म्हणेल. एक नाही.

नवी पाठ: कुलरच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर माप काढलं, १९ मिलिमीटरचे दोन तुकडे कापले, मधात रेझिनमध्ये भिजवलेली मॅट, म्हणजे काचेच्या तंतूंची चादर, घालून एकमेकांना चिकटवले. झाली ३८, म्हणजे दीड इंच. जुनी पाठ जेवढी जाड होती तेवढीच ठेवा, मशीनचा शिकंजा त्या मापाचा असतो. कडांना रेझिन पाजा. पाजा म्हणतो, लावा नाही. पहिला हात कडा पिऊन टाकतात, दुसराही पितात. चमक राहिली की थांबायचं.

बसवताना बाहेरच्या कातडीला आतून दोन थर मॅट, वर रेझिनची घट्ट लापशी, मग पाठ दाबायची. दाबायला मशीनच्या बोल्टांची जुनी भोकं वापरली, लांब बोल्ट आणि दोन्हीकडून लाकडी पट्ट्या. बोल्टांना पॉलिथिन गुंडाळा, नाहीतर ते बोटीचेच होऊन जातील. चारही कडांनी लापशी बाहेर आली पाहिजे. नाही आली तर आत पोकळी आहे. कोपऱ्यात लापशीची गोलाई करा, चमच्याच्या पाठीनं होते, कारण काचेचं कापड काटकोनात वळत नाही, उचलते. त्यावर मॅट, रोव्हिंग (काचेच्या दोऱ्यांचं विणलेलं कापड), मॅट, रोव्हिंग, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा दोन इंच पुढं, बुडावर आणि गालांवर. जिथं थर जाणार तिथं आधी चाळीस नंबरच्या घासकागदानं घासून पांढरी काच दिसू द्या. चमकत्या फायबरवर चिकटवलं तर पोपडा निघतो.

हे सगळं मी मे महिन्यात करायला निघालो होतो. नदीपल्याड ब्रह्मपुरीचा पारा दरवर्षी बातमीत असतो, आमचाही काही कमी नाही. दुपारी दोनला एक किलो रेझिनमध्ये मापानं हार्डनर, म्हणजे रेझिन कडक करणारा द्रव, टाकला, ब्रश शोधायला आत गेलो, परत आलो तर बादलीतून धूर. बादलीचं बूड वितळून फरशीला चिकटलं. अजून आहे, दाखवतो नंतर. तेव्हा काम बंद केलं आणि आत्ता, धान कापल्यावर घेतलं. किलोला दहा ते वीस ग्रॅम हार्डनर, गरमीत दहाकडं, थंडीत वीसकडं. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त कालवू नका आणि कालवलं की पसरट भांड्यात ओता, खोल भांड्यात ते स्वतःच्याच गरमीनं पेटते.

इथं हसू नका. हार्डनर डोळ्यात गेला तर डोळा जातो, चष्मा लावा. आणि कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर जमवणारा अ‍ॅक्सिलरेटर, आणि हार्डनर हे दोघं एकमेकांत थेट कधीच मिसळायचे नाहीत, भडका होतो. कोबाल्ट आधी रेझिनमध्ये पूर्ण घोळा, मग हार्डनर. दोघांच्या बाटल्या वेगळ्या फळीवर.

बरं, आता भोकं पाडायची. तिसऱ्यांदा सांगून राहिलो, माहीत आहे.

मशीनचा बोल्ट दहा मिलिमीटरचा. लोक दहाचं ड्रिल लावतात. आपण सोळाचं लावायचं. हो, मोठं. बाहेरून टेप लावून तोंड बंद. आतून आधी पातळ इपॉक्सी, म्हणजे दुसऱ्या जातीचं रेझिन, ब्रशनं भोकाच्या भिंतीला पाजायचं, मग इपॉक्सीत काचेचे बारीक तंतू कालवून ते घट्ट भरायचं, काडीनं ठासत, हवा राहू द्यायची नाही. इथं पॉलिएस्टर, म्हणजे आतापर्यंत वापरलेलं रेझिन, नको, ते आकसते. इपॉक्सी जुन्या पॉलिएस्टरवर नीट बसते, उलटं केलं तर बसत नाही, म्हणून हे काम शेवटी. एक रात्र जाऊ द्या. सकाळी त्याच्या बरोबर मधोमध दहाचं ड्रिल. झालं काय? बोल्टाभोवती तीन मिलिमीटरची भिंत. बोल्ट घासला तर इपॉक्सीला घासेल. सीलंट फाटलं तर पाणी भिंतीपर्यंत येईल. लाकडाला पत्ता नाही.

खालचं पाणी सोडायचं बुच असते ना, त्याच्या भोकालाही हेच. तिथं तर आधी. पाणी चोवीस तास तिथंच बसलेलं असते आणि लोक नेमकं तेच विसरतात, कारण पितळी नळी चमकते, सुंदर दिसते.

“एवढा कुटाणा चार भोकांसाठी?” असं सोसायटीतला एक पोरगा मला म्हणाला. मी त्याला ढेपेचा डबा दिला हातात, वास घे म्हटलं.

परवा मशीन बसवलं. बोल्टांना आतून मोठे वॉशर, टोपीखाली सीलंट, आणि पाच-सहा तास बोट चालवून पुन्हा एकदा पाना लावला, कारण पहिल्यांदा थोडं बसते. काकांनी पाय धरून हलवून पाहिलं. बोट हलली, पाठ नाही हलली.

पंपाची वायर विचाराल. ती आता पाठीच्या वरून नेली, एक क्लिप लावून. दिसायला बावळट दिसते. काका म्हणाले, “खाली एक भोक मारून टाक, साफ दिसेल.” मी ड्रिल घरी ठेवून आलो होतो.