पुलाखालचे कॉन्डोर

फेब्रुवारी संपत आलाय. अमेरिकेत, अ‍ॅरिझोना राज्याच्या उत्तर टोकाला, मार्बल कॅन्यनमध्ये, उन्हात जॅकेट नकोसं होतं आणि सावलीत खिशातून हात काढवत नाही.

हा नवाहो ब्रिज. खरं तर पुलांची जोडी आहे. १९२९चा जुना पूल आता फक्त पायी जाणाऱ्यांसाठी, १९९५चा नवा गाड्यांसाठी. खाली जवळपास १४० मीटरवर कोलोराडो नदी. एकेकाळी गाळाने तांबडी वाहायची, आता हिरवीगार दिसते. वरच्या अंगाला ग्लेन कॅन्यन धरण आहे. १९६३पासून गाळ तिथेच अडतो आणि जलाशयाच्या खोलातलं थंड पाणी इकडे येतं. मूळच्या माशांचे त्यात हाल झाले, बाहेरून आणलेला ट्राउट मात्र फोफावला. त्या ट्राउटमागे हिवाळ्यात बॉल्ड ईगल, म्हणजे पांढऱ्या डोक्याचे गरुड, येतात. पाण्यावर ती काळी-पांढरी दिसतायत, ती गोल्डनआय बदकं.

पण दुर्बिणी घेऊन आलेली ही मंडळी नदीकडे बघतच नाहीयेत. कठड्यावरून वाकून ती शेजारच्या पुलाची पोलादी कमान धुंडाळतायत.

तो बघा, तिरप्या तुळईवर. कॅलिफोर्निया कॉन्डोर, अमेरिकेतलं अवाढव्य गिधाड. पंख पसरले की जवळजवळ तीन मीटर. डोकं टकलं, केशरी-गुलाबी, म्हणजे वयात आलेला पक्षी. पिल्लांचं डोकं काळपट असतं, हा रंग चढायला पाच-सहा वर्षं जातात.

आणि पंखावर नंबरचा बिल्ला! फोटो काढणाऱ्या काहींना तो खुपतो. आम्हाला विचाराल तर फोटोतली सगळ्यात बोलकी गोष्ट तीच. १९८७मध्ये रानातला शेवटचा कॉन्डोर पकडला, तेव्हा जगात उरले होते २७. सगळे बंदिस्त. त्यांचीच पैदास करून डिसेंबर १९९६मध्ये सहा पक्षी इथून जवळच, व्हर्मिलियन क्लिफ्सच्या कड्यावरून सोडले. आज इथे उडतात ते त्यांचे वारस आणि नंतर सोडलेले पक्षी.

त्यांचा मोठा वैरी आहे शिसं. शिकारी हरीण मारतो, आतडी तिथेच टाकतो. त्यात गोळीचे बारीक कण राहतात. कॉन्डोर मेलेलंच खातो, त्यामुळे विष थेट पोटात. आपल्याकडे गिधाडांचा घात गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने केला. औषध वेगळं, गोळी वेगळी, पण विषाची वाट तीच, मढ्यातून. म्हणून इथलं वन्यजीव खातं कैबाब पठारावरच्या शिकाऱ्यांना बिनशिशाच्या गोळ्या फुकट देतं. बंदी नाही, विनंती आहे. बरेच शिकारी ती मानतात. तरीही कॉन्डोर पकडून त्यांचं रक्त तपासावं लागतं, विषबाधा झालेल्यांवर उपचार करावे लागतात.

दुपारी हाउस रॉक व्हॅलीच्या कच्च्या रस्त्याने कड्यांखाली आलो. लाल दगडावर विष्ठेचे पांढरे ओघळ दिसले की समजायचं, इथे त्यांची बैठक आहे. टर्की व्हल्चर, म्हणजे इथली लहान काळी गिधाडं, अजून दक्षिणेतून परतलेले नाहीत. ते आले की आकाशातला प्रत्येक काळा ठिपका तपासत बसावं लागतं, आज ती कटकट नाही.

वर कपारीशी दोघं आहेत. नर अर्धे पंख उघडून, मान खाली घालून मादीसमोर डुलतोय. जुळलं तर एकच अंडं. दोघं आळीपाळीने उबवणार, जवळपास दोन महिने. पिल्लू उडायला लागायला आणखी सहा महिने, आणि त्यानंतरही ते आईबापांच्या मागेच. त्यामुळे जोडीचं पिल्लू सहसा वर्षाआड. २०२३मध्ये बर्ड फ्लूने इथल्या थव्यातले २१ कॉन्डोर गेले. ती तूट याच चालीने भरायची आहे.