माळ्यावरची ट्रंक: खेळाडू गेल्यावर त्याच्या वस्तूंचं काय करायचं?

मंडळी, खेळाडूच्या पश्चात त्याची पदकं, जर्सी, बॅट विकणं योग्य की अयोग्य, हा आजचा विषय. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: घरच्यांना गरज असेल तर खुशाल विकावं. पण वस्तू उंबऱ्याबाहेर पडायच्या आधी तिची माहिती लिहिलेला कागद तयार हवा. कागद नसला की खेळाडूचं नाव त्या वस्तूवरून उतरतं आणि पुन्हा चढत नाही. दोष द्यायचा तर मी विकण्याला नव्हे, कागद नसण्याला देईन.

हे इथेच बोलायचं कारण म्हणजे कबड्डी. आशियाई स्पर्धांत कबड्डी आली १९९० साली, बीजिंगला. प्रो कबड्डी सुरू झाली २०१४ साली. त्याआधी आपल्या किनाऱ्यावर जे खेळले, त्यांच्या चढाया कुणी टीव्हीवर टिपल्या नाहीत. पुरावा म्हणजे एक कप, एक प्रमाणपत्र, संघाचा एक फोटो आणि सोबत खेळलेले म्हातारे. ते म्हातारे गेले की कप नुसता कप उरतो.

आता अर्जेंटिनाचा फुटबॉलपटू मॅराडोना याची गोष्ट. ती थोडी लांबेल, पण सगळं तिच्यातच आहे. २२ जून १९८६, मेक्सिको सिटी, अर्जेंटिना विरुद्ध इंग्लंड. इंग्लंडचा स्टीव्ह हॉज चेंडू बाहेर काढायला गेला, तो नीट बसला नाही आणि उलटा आपल्याच गोलवर उडाला. पुढे मॅराडोनाचा हात लागून गोल झाला, ते सगळ्यांना ठाऊक आहे. सामना संपल्यावर या हॉजनंच त्याच्याशी जर्सी बदलली. ती जर्सी पुढे बरीच वर्षं मँचेस्टरच्या फुटबॉल संग्रहालयात उसनी ठेवलेली होती. मॅराडोना गेला नोव्हेंबर २०२० मध्ये. मे २०२२ मध्ये हॉजनं ती लिलावात काढली आणि ७१ लाख पौंडांवर गेली. लिलावाआधी मॅराडोनाची मुलगी म्हणाली, ही पहिल्या अर्ध्या खेळातली जर्सी, गोल केले ती ही नव्हेच. म्हणजे बापाची वस्तू परक्याच्या हातात, आणि ती कुठली याचा वाद लेकीशी!

वाद मिटवायला जर्सी जुन्या फोटोंशी ताडून पाहिली. आणि इथे एक गंमत उपयोगी पडली. उकाड्यामुळे त्या सामन्यासाठी हलक्या जर्सी मेक्सिकोतल्याच दुकानातून ऐनवेळी आणल्या होत्या. बोधचिन्हं घाईत शिवली, चंदेरी आकडे इस्त्रीनं चिकटवले. घाईचं काम, त्यामुळे कुठल्याही दोन जर्सी तंतोतंत सारख्या नाहीत. कुठे चिन्ह तिरपं, कुठे पट्टा आकड्याला वेगळ्या जागी भेटतो. कारखान्यातून एकसारख्या आल्या असत्या तर ही ओळख पटवणं फार अवघड गेलं असतं. ज्याला आपण 'वाकडं शिवलंय' म्हणून नाक मुरडतो, तेच तिथे साक्षीदार झालं.

आणि त्याच मॅराडोनाच्या मालमत्तेतल्या वस्तूंचा लिलाव कोर्टाच्या हुकमानं डिसेंबर २०२१ मध्ये झाला. जमा झाले सुमारे २६ हजार डॉलर! घर आणि मोटारींना गिऱ्हाईकच आलं नाही. माणूस तोच. एका वस्तूला एका दुपारची गोष्ट चिकटलेली होती, बाकीचं सामान होतं.

म्हणून आपल्या घरी काय करायचं ते सांगतो. जर्सी धुऊ नका. मातीचा डाग आणि उसवलेली शिवण ही तिची सही आहे. वाळवून, घडी न घालता, जुन्या धुतलेल्या सुती पातळात गुंडाळून ठेवा. डांबरगोळी कापडाला टेकू देऊ नका. पदक चिंच-मीठ लावून घासू नका. दसऱ्याला देवाची भांडी घासताना पदकही घासून चकचकीत करायची सवय फार वाईट. दर घासणीला कोरलेली अक्षरं झिजतात, आणि मिठाचा अंश राहिला की तो कांस्याला आतून खायला लागतो. आपल्या खाऱ्या हवेत तसंही ते होतंच. हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली की समजायचं, रोग चालू आहे. ते पदक वेगळं काढायचं, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचं आणि जाणकाराला दाखवायचं. पाच लिटरच्या डब्याला शंभरेक ग्रॅम जेल पुरतं. मृगाच्या आधी ते बदला. मऊ व्हिनाइल प्लास्टिकच्या पाकिटात तर पदक मुळीच नको, त्यातून सुटणारं आम्ल धातूला लागतं.

प्रमाणपत्राचं लॅमिनेशन करू नका. हे मी हात जोडून सांगतो. गरम चिकटवण पुन्हा सुटत नाही, दमट हवेत आत शिरलेली ओल आतच राहते आणि शिक्का, शाई, कागद हाताळून तपासायची सोय संपते. फोटो फ्रेमच्या काचेला चिकटला असेल तर ओढू नका, काचेतूनच त्याचा फोटो काढा. २०२१ च्या जुलैत चिपळुणात पाणी कुठवर चढलं होतं ते आठवा, आणि ट्रंक खालच्या खोलीतून उचला. पण गळक्या कौलाखालच्या माळ्यावरही नको.

आता कागद. प्रत्येक वस्तूचे तीन फोटो: पुढून, मागून, कडेनं, शेजारी फूटपट्टी ठेवून. वजन सराफाच्या काट्यावर, ग्रॅममध्ये. कोरलेला मजकूर चुकांसकट जसाच्या तसा उतरवायचा. कुठली स्पर्धा, कुठलं गाव, कुठलं साल, आणि हे कुणी सांगितलं. सोबत खेळलेल्या दोघांच्या सह्या, आणि त्यांचं बोलणं मोबाईलवर चित्रित करून ठेवा. सत्काराला, प्रदर्शनाला म्हणून कुणी पदक मागितलं तर पावतीशिवाय हातातून सोडायचं नाही. अशी नेलेली पदकं परत येत नाहीत, आणि मागायला गेलं की 'नेलं कुणी?' असा उलटा प्रश्न येतो.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आलीय. म्हणजे मूळ प्रश्न आता पाच मिनिटांत.

हक्क कुणाचा? मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या मागे बायको, मुलगे, मुली आणि आई यांचा सारखा वाटा. लग्न होऊन गेलेल्या लेकीची सही लागत नाही हा समज साफ चुकीचा. एकानं परस्पर विकलं तर घेणाऱ्याचा हक्कही कच्चाच राहतो. मॅराडोनाच्या १९८६ च्या गोल्डन बॉलच्या, म्हणजे सर्वोत्तम खेळाडूच्या चषकाच्या, हक्कावरही वाद झालाच: २०२४ साली वारस कोर्टात गेले आणि लिलावगृहानं शेवटी तो मागे घेतला.

देशाबाहेर विकता येईल का? १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्यात शंभर वर्षांची मर्यादा आहे. क्रिकेटपटू पालवणकर बाळूंच्या १९११ च्या इंग्लंड दौऱ्यातली एखादी वस्तू कुठे निघाली तर ती बाहेर नेता येणार नाही. १९२८ च्या ॲम्स्टरडॅमच्या हॉकी सुवर्णाला शंभर भरतील २०२८ साली. खाशाबा जाधवांचं हेलसिंकीचं कांस्य १९५२ चं, म्हणजे २०५२ पर्यंत हा कायदा त्याला आडवा येत नाही.

आणि खाशाबांवरूनच खरा नैतिक प्रश्न. त्यांना हेलसिंकीला पाठवायला लोकांनी वर्गणी काढली, कोल्हापूरच्या प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. २०१७ साली कुटुंबानं ते लिलावात काढायची भाषा केली ती घर चालवायला नव्हे, तर कबूल केलेली कुस्ती अकादमी होत नाही म्हणून. अशा पदकात वर्गणीदारांचा वाटा आहे की नाही? कायद्यानं नाही. माझ्या मते नीतीनं आहे, पण एवढाच: विकायच्या आधी गावाला, मंडळाला, तालमीला कळवायचं, सहा महिने मुदत द्यायची. त्यांनी जमवलं तर त्यांचं. इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबनं २००० साली आपला जुना फुटबॉलपटू बॉबी मूर याचा संग्रह १८ लाख पौंड मोजून घेतलाच ना! मुदतीत पैसे जमले नाहीत तर घरच्यांना नावं ठेवायचा हक्क गावाला उरत नाही. हार घालायला येणारे पैसे काढायला येत नाहीत, याचा राग मला घरच्यांवर काढायचा नाही.

शेवटचं, खोटा माल. अमेरिकेत एफबीआयनं बनावट सह्यांची टोळी पकडली, तेव्हा मदर तेरेसांच्या सहीचे बेसबॉलसुद्धा निघाले. हसताय, पण गिऱ्हाईक असल्याशिवाय कुणी ते बनवत नाही. घरात चार खऱ्या सह्या असतील तर त्यांचे स्पष्ट फोटो जपा, पुढे खोटी सही ओळखायला तेच लागतात. आणि पदक वितळवायला नेऊ नका: ऑलिंपिकचं शेवटचं पूर्ण सोन्याचं पदक १९१२ चं, हल्लीच्या सुवर्णात सोनं सहा ग्रॅमच्या आसपास, बाकी चांदी. आपल्या कपांवर तर बहुधा नुसता मुलामा.

यादीचा कोरा नमुना दाराजवळच्या टेबलावर ठेवलाय. घरटी दोन प्रती न्या, एक भरताना चुकतेच.