आग खाली, पाणी वर: आइसलंडची वेस्टमन बेटं

14 नोव्हेंबर 1963. आइसलंडच्या दक्षिणेला समुद्रात मासेमारीची एक बोट, सकाळचे सव्वासात वाजलेत, अजून नीट उजाडलं पण नाहीये आणि बोटीवरच्या आचाऱ्याला लांबवर काळा धूर दिसतो. वाटलं कुठल्यातरी बोटीला आग लागली, म्हणून ही मंडळी मदतीला निघाली. जवळ जाऊन बघतात तर बोटबीट काही नाही, समुद्रातूनच राखेचे काळे फवारे उडतायत. खाली 130 मीटरवर ज्वालामुखी फुटला होता. दुसऱ्या दिवशी तिथे बेट होतं!

हेच ते सर्टसी. नॉर्स म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियन पुराणकथांमधला सुर्त नावाचा आगीचा राक्षस आहे, त्याच्यावरून हे नाव.

आता नकाशा बघा. सर्टसी ज्यांत येतं ती वेस्टमन बेटं म्हणजे पंधरा-वीस छोटी बेटं आणि पाण्यातून वर आलेले कडे-सुळके, वस्ती फक्त हेमाए या सगळ्यात मोठ्या बेटावर. आइसलंडच्या खालची जमीन दोन बाजूंना ओढली जाते, वर्षाला साधारण 2 सेंटीमीटर, आणि तिथल्या ज्वालामुखींच्या पट्ट्याचं दक्षिण टोक या समुद्रात उतरलंय. गंमत म्हणजे इथली बरीचशी बेटं एकेका उद्रेकातच तयार झालीत, म्हणजे एकदा फुटलं, बेट झालं, विषय संपला.

पण बेट होणं वेगळं आणि टिकणं वेगळं. गरम काचेवर गार पाणी पडलं की कशी तडकते, तसं मॅग्माला, म्हणजे जमिनीखालच्या वितळलेल्या खडकाला, समुद्राचं पाणी लागलं की त्याचा भुगा होतो, राख होते, आणि राखेचा ढीग लाटांपुढे किती टिकणार? सर्टसीच्या शेजारीच आणखी दोन बेटं वर आली होती, सिर्टलिंगुर आणि योल्नीर, दोन्ही काही महिन्यांतच समुद्राने धुऊन नेली. सर्टसी वाचलं कारण एप्रिल 1964 पर्यंत राखेची भिंत एवढी झाली की पाणी मुखापर्यंत पोचेना, मग स्फोट थांबले आणि सरळ लाव्हा वाहायला लागला आणि राखेला दगडी चिलखत चढलं. शिवाय आतल्या गरम पाण्याने आणि वाफेने राखेचाच काही वर्षांत पक्का खडक करून टाकला. म्हणजे ज्या पाण्याने फोडलं त्यानेच जोडलं पण. तरी उद्रेक 1967 मध्ये संपल्यापासून लाटांनी निम्म्याहून जास्त बेट खाल्लंय. (तिथे शास्त्रज्ञ सोडून कोणाला जाऊ देत नाहीत, आणि तिथे एकदा चक्क टोमॅटोचं रोप उगवलेलं सापडलं, ते कोणाच्या पोटातून आलं असेल हे तुम्हीच ओळखा.)

दहा वर्षांनी पाळी हेमाएची. 23 जानेवारी 1973, रात्रीचे दोन वाजत आलेले, गावच्या शेवटच्या घरांपासून जेमतेम काहीशे मीटरवर जमिनीला दीड किलोमीटरची फट पडली आणि लाव्हाची कारंजी सुरू. बाजूचा हेल्गाफेल ज्वालामुखी पाच हजारांहून जास्त वर्षं गप्प होता, त्यामुळे कोणाच्या मनातही नव्हतं. नशीब असं की आदल्या दिवशी वादळ होतं म्हणून सगळ्या बोटी बंदरातच होत्या, सकाळपर्यंत बहुतेक सगळं गाव, जवळपास 5,300 माणसं, बोटींनी आइसलंडच्या मुख्य किनाऱ्याला.

जे मागे राहिले ते छपरांवरची राख फावड्याने उपसत होते, नाहीतर घरंच्या घरं खाली बसली असती, आणि तापलेले दगड आत येऊ नयेत म्हणून खिडक्यांवर पत्रे ठोकत होते. खरी भीती मात्र बंदराची होती. लाव्हा तोंडाशी आला होता आणि बंदर गेलं तर मासेमारी गेली, मग परत येऊन करणार काय? तेव्हा थोरब्योर्न सिगुरगेइरसन या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलं की लाव्हावर समुद्राचं पाणी मारा. लोक हसले, हजार अंशांवर तापलेल्या लाव्हावर कसली पाण्याची धार! पण मोठे पंप आले, पाइप टाकले, लाव्हाच्या पुढच्या कडेवर महिनोन् महिने 60 लाख घनमीटरच्या वर पाणी ओतलं. कड गार होऊन घट्ट झाली, मागचा लाव्हा तिथेच अडून साचला. जुलैमध्ये सगळं थंडावलं तेव्हा बंदर शाबूत होतं, उलट तोंड अरुंद झाल्याने आधीपेक्षा सुरक्षित. बेट 2 चौरस किलोमीटरने वाढलेलं, एल्डफेल नावाचा नवा डोंगर उभा, आणि चारेकशे घरं गेलेली.

बरेच लोक परत आले आणि त्यांनी काय करावं, तर लाव्हाला कामाला लावलं. वरून पाणी सोडायचं, ते आत झिरपलं की वाफ होऊन वर येते, ती वाफ पकडून तिच्यावर घरं गरम करायची. पुढे दहा-बारा वर्षं गावाला ऊब मिळत होती ती त्याच लाव्हातून, ज्याच्या खाली शेजाऱ्यांची घरं आहेत.