गळतीच्या पाण्याचा रंग

धरणाच्या कोरड्या बाजूला, अगदी पायथ्याशी हा चर. त्यातून बारीक धार वाहतेय. मातीचं धरण म्हटलं की थोडं पाणी झिरपणारच. आतला काळ्या मातीचा गाभा बहुतेक पाणी अडवतो, उरलेलं वाळू-खडीच्या गाळणीतून इथे उतरतं. धार दिसली म्हणून घाबरू नका. ते पाणी काचेच्या ग्लासात धरा आणि थोडा वेळ ठेवा. नितळ राहिलं तर ठीक. तळाशी गाळ बसला, तर भरावातली माती वाहून चाललीय.

चराच्या तोंडाशी पत्र्याला ९० अंशांची खाच आहे, व्ही-नॉच. खाचेच्या खालच्या टोकापासून ५ सेंटिमीटर पाणी असेल तर गळती सेकंदाला पाऊण लिटर. १० सेंटिमीटर झालं की सव्वाचार लिटरच्या वर, म्हणजे साडेपाच पट! नोंदवहीत शेजारी तलावाची पातळीही लिहायलाच हवी. पातळी तीच आणि गळती जास्त, म्हणजे आत वाट मोठी होतेय.

सगळ्यात कच्ची जागा विमोचकाची, म्हणजे तलावातलं पाणी बाहेर सोडायच्या दाराची. त्याचा नळ भरावाच्या पोटातून आरपार जातो. नळाला लागून रोलर फिरत नाही, दबाई हातानेच करावी लागते. तिथली माती ढिली राहिली की पाणी नळाच्या बाहेरून वाट काढतं. घुशी-खेकड्यांची बिळं आणि कुजलेली मुळं त्याला मदतच करतात. म्हणून झुडपं न तोडता मे महिन्यात केलेली पाहणी आम्ही पाहणी मानत नाही. रानात खचलेली जागा दिसत नाही, भेगही दिसत नाही. त्यात पाण्याकडून कोरड्या बाजूला जाणारी आडवी भेग सर्वांत घातक.

सांडव्यावर वाळूची पोती रचून चार बोटं पाणी जास्त साठवतात, तेही थांबवायला हवं. पुरासाठी राखलेली उंची त्यात जाते आणि पाणी माथ्यावरून गेलं की भराव कापला जातो.

२ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं. वीसहून अधिक माणसं गेली. गळतीबद्दल गावकरी आधीच सांगत होते.

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्याने पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी बंधनकारक केली. पण १० मीटरपेक्षा कमी उंचीची धरणं त्या कायद्यात बसत नाहीत, आणि गावोगावचे कितीतरी पाझर तलाव तेवढेच असतात. तिथे ग्लास आणि नोंदवही गावानेच हातात घ्यावी.

पायथ्याशी गढूळ उमाळा फुटला तर त्यावर माती टाकून तो बुजवू नका, पाणी दुसरीकडून फुटेल. आधी वाळू, वर बारीक खडी, त्यावर दगड. पाणी येऊ द्या, माती अडवा. विमोचक उघडा, पण पातळी झपाट्याने उतरवली तर पाण्याकडचा भिजलेला उतार घसरतो. अभियंत्याला फोन करा, आणि खालची वस्ती अंधार पडायच्या आत हलवा.