भाला हाताने फेकत नाहीत

नमस्कार मंडळी. विषय आहे भालाफेकीतलं फिजिक्स, आणि भाला पंचेचाळीस अंशांच्या कोनात फेकला की सगळ्यात लांब जातो का, याचा हिशोब करून दाखवीन असं मी आयोजकांना कबूल केलंय. तो करूच. पण त्याआधी एक तक्रार मांडतो, कारण ती पोटात ठेवून मला पुढे जाताच येणार नाही.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा बघायला मी आवर्जून जातो. भालाफेक सुरू झाली की कडेने एकच ओरडा, "जोर लाव, खांदा लाव!" तिथे एक पोरगा बघितला, उंच, काटक, पळत आला झकास, आणि फेकायच्या क्षणी त्याचा डावा गुडघा वाकला. गेला सगळा वेग मातीत. भाला जवळच पडला आणि त्याला सल्ला काय मिळाला, तर दंड कमी पडतायत, डिप्स वाढव! अहो, दंडाचा काय संबंध? पीटीचा तास वेगळा, फिजिक्सचा तास वेगळा, आणि मैदानावर दोघांची गाठच पडत नाही, याचं मला खरंच वाईट वाटतं.

हिशोब करून बघा. पुरुषांचा भाला ८०० ग्रॅमचा. चांगल्या फेकीत तो हातातून साधारण सेकंदाला ३० मीटरने सुटतो, म्हणजे ताशी १०८ किलोमीटर. धावण्यातून त्याला ६ मीटरचा वेग आधीच मिळालेला असतो, उरलेले २४ मीटर शेवटच्या साधारण एक दशांश सेकंदात मिळतात. त्वरण आलं २४०, गुणिले ०.८, म्हणजे सरासरी बल १९२ न्यूटन. वीस किलो उचलायला लागतं ना, तेवढंच! इथे कुणाला वीस किलो उचलत नाही, हात वर करा बरं. बघा, एकही हात नाही. मग आपण सगळे ऑलिम्पिकला का नाही? कारण ते बल लावताना हात स्वतः ताशी शंभरने पळत असायला हवा, आणि स्नायू जितका वेगाने आकुंचन पावतो तितकं त्याचं बल कमी होतं. एकट्या हाताला हे जमणारच नाही, वेग खालून यावा लागतो.

कुठून, तर डाव्या पायातून. सायकलचा पुढचा ब्रेक कचकन दाबला की चाक जागेवर आणि आपण हँडलवरून पुढे, तसंच. डावा पाय ताठ रोवला की कंबर थबकते, कंबरेचा वेग धडाला मिळतो, धडाचा खांद्याला, मग कोपर, आणि सगळ्यात शेवटी हात. नीरज चोप्रा फेकल्यावर कित्येकदा दोन्ही हातांवर पुढे पडतो ते याचमुळे, शरीर त्या पायावरून पार पलटून गेलेलं असतं.

आता नीरजचा विषय निघालाच आहे तर उवे होनचं सांगतोच, हे माझं फार आवडतं आहे. हे होन काही काळ नीरजचे कोच होते. २० जुलै १९८४ ला पूर्व बर्लिनमध्ये त्यांनी १०४.८० मीटर फेक केली. शंभराच्या पुढे! आणि त्याच वर्षी पूर्व जर्मनीचा ऑलिम्पिकवर बहिष्कार, त्यामुळे लॉस एंजेलिसचं ऑलिम्पिक हुकलं. पुढे १९८६ मध्ये भालाच बदलला, गुरुत्वमध्य, म्हणजे भाल्याचा तोल साधतो तो बिंदू, ४ सेंटीमीटर पुढे सरकवला. लोक सांगतात मैदान पुरेना म्हणून. तेही होतंच, पण जुना भाला तरंगत जाऊन आडवा पडायचा आणि टोक आधी टेकलं की नाही यावरून वाद व्हायचे, हे कारण कुणी सांगतच नाही. गुरुत्वमध्य पुढे आला की हवेचा रेटा त्याच्या मागे पडतो, शेपूट उचललं जातं आणि नाक खाली येतं. विक्रम नव्याने मोजायला लागले, पहिला ८५.७४. मग नाक उशिरा खाली यावं म्हणून कंपन्यांनी शेपूट खरबरीत केलं, १९९१ मध्ये त्यावर बंदी आली आणि फिनलंडच्या सेप्पो रॅटीचा ९६.९६ चा विक्रम पुसला गेला. चेक भालाफेकपटू यान झेलेझ्नीचे १९९६ चे ९८.४८ मात्र अजून टिकून आहेत...

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, पंचेचाळीस.

पुस्तक म्हणतं, ४५ अंशाला सगळ्यात लांब. ३० च्या वेगाला सूत्राने जवळजवळ ९२ मीटर येतात. ३६ अंशाला फेकलं तर सूत्राप्रमाणे साडेचार मीटर तोटा. मग सगळे दिग्गज पस्तिशीच्या आसपास का फेकतात? कारण पुस्तक वेग तोच धरतं. शरीर उभ्या दिशेला तेवढा वेग देऊच शकत नाही, आणि अंतर वेगाच्या वर्गावर चालतं, म्हणून ३० चे २९ झाले की सहा मीटर गेले! साडेचार वाचवायला सहा कोण घालवेल? वर हवा भाल्याला थोडं उचलूनही धरते, ते सूत्रात नाहीच.

नीरजची टोकियो ऑलिम्पिकमधली ८७.५८ ची फेक मोबाईलवर स्लो मोशनमध्ये लावा, भाल्याकडे अजिबात बघू नका, फक्त डावा गुडघा बघा. हं, विचारा प्रश्न.