चिमूटभर भुकटी

हा ड्रॉवर उघडलाय ना, यातल्या प्रत्येक दगडावर बारीक अक्षरात एक नंबर लिहिलेला दिसेल. यातला एखादा म्युझियमच्या लॅबमध्ये तपासायला गेला की पहिला प्रश्न मशीन कुठलं वापरायचं हा नसतोच, पहिला प्रश्न असतो की यातलं किती गमवायचं. कारण एकदा कापलं की परत जोडता येत नाही.

खडक असेल तर हिऱ्याच्या करवतीने एक पातळ चकती काढतात, ती काचपट्टीवर चिकटवतात आणि घासत घासत ०.०३ मिलिमीटरपर्यंत आणतात, म्हणजे साध्या कागदाच्याही एक तृतीयांश, आणि मग ज्याला आपण ठार काळा दगड समजत होतो त्यातून चक्क उजेड आरपार जातो! जाडी बरोबर झाली का हे खडकातलं क्वार्ट्झच, म्हणजे गारगोटीचं खनिज, सांगतं. पोलरायझिंग मायक्रोस्कोपखाली, म्हणजे प्रकाशाच्या लहरी एकाच दिशेत ठेवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली, ते करडं-पांढरं दिसलं की झालं, पिवळसर दिसलं तर अजून घासायचंय.

खनिज ओळखायला बऱ्याचदा चिमूटभर भुकटी पुरते. तिच्यावर एक्स-रे सोडले की अणू कसे रचलेत ते कळतं. कॅल्साइट आणि अ‍ॅरागोनाइट घ्या, दोन्ही कॅल्शियम कार्बोनेटच, रासायनिक सूत्र एकच, फरक फक्त रचनेत. अ‍ॅरागोनाइट काळाच्या ओघात बदलून कॅल्साइट होत जातं, त्यामुळे जुन्या शिंपल्यात अजून अ‍ॅरागोनाइट सापडलं की समजायचं, त्या जीवाने स्वतः बांधलेलं कवच आपल्यापर्यंत पोचलंय. मला तर हे फार भारी वाटतं.

जीवाश्माला शक्यतो करवत लावत नाहीत. सीटी स्कॅनरमध्ये तो फिरवत फिरवत शेकडो-हजारो एक्स-रे फोटो काढतात आणि आतली हाडं कॉम्प्युटरवर उभी करतात. चुनखडीत अडकलेलं हाड असेल तर व्हिनेगरमध्ये असतं तेच अ‍ॅसिड, पातळ करून. चुनखडी विरघळते, हाड टिकतं, पण मधेमधे बाहेर काढून धुवायचं, सुकवायचं, उघड्या पडलेल्या हाडाला मजबुतीचा लेप द्यायचा, परत बुडवायचं, असं महिनोन्‌महिने चालतं.

पण कधीकधी ड्रिल लावावंच लागतं. १९१२ साली इंग्लंडमध्ये पिल्टडाउनची कवटी आणि जबडा जाहीर झाला, माणसाचा अतिप्राचीन पूर्वज म्हणून. जमिनीत पुरलेलं हाड पाण्यातलं फ्लोरीन हळूहळू शोषत जातं, म्हणून एकाच जागी तेवढाच काळ पडलेल्या हाडांत ते साधारण सारखं असायला हवं. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या केनेथ ओकली यांनी १९४९ मध्ये हे तपासलं तर फ्लोरीन फारच कमी, म्हणजे हाडं सांगितली तेवढी जुनी नव्हतीच. १९५३ मध्ये आणखी बारकाईने तपासलं आणि सगळंच उघडं पडलं, कवटी माणसाची, जबडा एका मोठ्या वानराचा (ओरांगउटानचा, हे पुढे पक्कं झालं), दात कानशीने घासलेले, वरून रंग चढवलेला. ४० वर्षं ही हाडं जपून ठेवलेली होती आणि उत्तर निघालं ते ड्रिलने काढलेल्या जराशा हाडातून.

आपला दगडही आता परत निघालाय. उरलेला तुकडा, काचपट्टी आणि भुकटीची छोटी कुपी, तिन्हीवर तोच नंबर. त्याच ड्रॉवरमध्ये, त्याच खणात.