उडाल्यावर इंजिन बसलं तर

[सकाळ. हँगरचं दार सरकतं.]
सोनेगाव विमानतळ. मे महिना, म्हणून शिकाऊ पोरांची सगळी घाई उन्हाच्या आधीची. दुपारी पारा पंचेचाळिशीला टेकला की हवा इतकी विरळ होते, की ३१५ मीटरवरचं नागपूर सेस्नाला, म्हणजे शिकायच्या छोट्या विमानाला, दीड हजार मीटरवरच्या गावासारखं वाटतं. इंजिनाचा दम कमी, पंखांना आधार कमी.

[पंखाखाली पारदर्शक पेला.]
हे एव्हगॅस, टाकीतून काढलेलं विमानाचं पेट्रोल. मुद्दाम निळं केलेलं. पाणी त्याहून जड, ते तळाशी बसतं आणि आधी इंजिनाकडे जातं. टाकी रात्रभर अर्धी ठेवली की आतला दमटपणा पाणी धरतो. झाकणाचं रबर झिजलं असेल तर पावसाचंही शिरतं. थेंब दिसला की फेकायचं, पुन्हा काढायचं. गंमत अशी, की अख्खा पेला पाण्याचाच असला तर त्यात थेंब दिसत नाही. नवखा म्हणतो, स्वच्छ आहे. हँगरमधले जुने मेकॅनिक आधी रंग बघतात, मग वास घेतात. उड्डाणाच्या फोटोत ही माणसं कधी नसतात.

[ऑगस्ट. ओला टॅक्सीवे.]
प्रवासी विमान उतरेपर्यंत सेस्ना थांबलीय, इंजिन मंद. अशा दमट हवेत, बाहेर पंचवीस अंश असले तरी, कार्ब्युरेटरमध्ये, जिथे पेट्रोल हवेत मिसळतं तिथे, बर्फ धरू शकतो. पेट्रोलची वाफ होताना आतली हवा झपकन गार पडते. विदर्भात बर्फ म्हटलं की लोक हसतात, हसू द्या. निघण्याआधी गरम हवेचा नॉब ओढून बघायचाच.

[कॉकपिट. किल्ली फिरते.]
सेस्ना १५२ मध्ये दोन मॅग्नेटो, म्हणजे प्लगला ठिणगी देणारी यंत्रं; प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग. मिनिटाला १७०० फेऱ्यांवर एकेक मॅग्नेटो बंद करून बघतात. फेऱ्या १२५ पेक्षा जास्त घसरल्या, तर विमान परत हँगरमध्ये.

[धावपट्टीचं टोक.]
३२०० मीटरची धावपट्टी असताना वेळ वाचवायला मधूनच उड्डाण करायचं, हे आम्हाला पटत नाही. इंजिन बसलं तर पुढे उरलेली पट्टीच कामाची.

[चढाई. मागे वळून घेतलेलं दृश्य.]
आणि ती संपल्यावर, तीनशे फुटांवर बसलं तर? नाक वर आहे, वेग काही सेकंदांत तुटतो. म्हणून आधी नाक खाली, ६० नॉट, आणि समोर दिसेल ते मोकळं शेत. मागची पट्टी खुणावते. पण तिच्यावर यायला अर्ध्या वर्तुळापेक्षा जास्त वळावं लागतं, आणि ४५ अंश कललेलं विमान नेहमीपेक्षा जवळपास वीस टक्के जास्त वेगालाच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल तुटते. एवढ्या खाली ते सावरत नाही. माणसं यातच जातात.

[इन्स्ट्रक्टर आणि विद्यार्थिनी, इंजिन सुरू.]
“पट्टी उरली असेल तर?”
“पट्टीवरच, सर.”
“नसेल तर?”
“नाक खाली, नाकासमोर. वळायचं नाही.”
“मोठ्यानं बोल. आवाजात ऐकू येत नाही.”